ऑर्गनचा भाता आणि धुक्यातील वाट

१९३४ सालची गोष्ट. अमेरिकेतील न्यूअर्क येथील विमानतळावर लष्करी हवाई दलाचे काही अधिकारी एका गृहस्थाची वाट पाहत थांबले होते. हवा फारच वाईट होती. ढग जमिनीला टेकावयास आले होते आणि थोड्या अंतरापलीकडचे काही दिसत नव्हते. येणारा गृहस्थ आपले विमान आपणच चालवीत येणार होता. अशा हवेत तो काही येत नाही, असे ठरवून मंडळी परतण्याच्या बेतात होती, तोच वर इंजिनाची घरघर ऐकू आली. थोड्याच वेळात ढगांतून एक लहानसे विमान बाहेर पडले आणि सुखरूप खाली उतरले. त्यातून जो तरुण उतरला, त्याचे नाव एडविन लिंक. तो लष्करी वैमानिक नव्हता. त्याचा पिढीजात धंदा होता ऑर्गन आणि पियानो बनविण्याचा. तो आपले एक यंत्र अधिकाऱ्यांच्या गळी उतरविण्यासाठी आला होता. परंतु ज्या हवेतून तो आला, तीच त्याच्या यंत्राची सर्वांत मोठी शिफारस ठरली.

या यंत्राची गरज लष्कराला त्याच वर्षी का भासली, याची हकीकत दुःखद आहे. हवाई टपालाची कंत्राटे खासगी कंपन्यांना वशिल्याने दिली गेली, असा आरोप झाल्यामुळे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी फेब्रुवारी १९३४ मध्ये ती सारी रद्द केली आणि टपाल वाहून नेण्याचे काम लष्कराच्या हवाई दलावर सोपविले. तयारीला दहा दिवससुद्धा मिळाले नाहीत. वैमानिक तरुण होते, उमदे होते. परंतु रात्री किंवा ढगांतून केवळ उपकरणांच्या आधाराने विमान नेण्याचा सराव त्यांच्यापैकी फार थोड्यांना होता. त्यातच तो हिवाळा विलक्षण कडक निघाला. टपालाची पहिली फेरी निघण्यापूर्वीच, नुसत्या तयारीच्या उड्डाणांत तिघे जण प्राणांस मुकले. हे काम संपेतो मृतांचा आकडा बाराच्या घरात गेला. काही अपघात यंत्रे बिघडल्यामुळे झाले हे खरे. पण बर्फाच्या वादळात किंवा धुक्यात वाट हरवून जे गेले, त्यांच्या बाबतीत विमानात काहीही बिघडलेले नव्हते. पहिल्या महायुद्धात नाव गाजविलेले वैमानिक एडी रिकनबॅकर यांनी या प्रकाराला कायदेशीर खून म्हटले. शब्द कठोर होते, पण ज्यांच्या घरचे मुलगे गेले त्यांना ते कठोर वाटले नसतील.

ढगांत शिरल्यावर चांगल्या वैमानिकाला होते तरी काय? मुली फुगडी खेळतात, त्या वेळचा अनुभव येथे आठवावा. वेगाने फिरता फिरता एकदम थांबले की पाय जमिनीवर स्थिर असूनही सारे जग उलट फिरू लागते. आपल्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार सूक्ष्म नळ्या आहेत आणि त्यांत द्रव आहे. शरीर वळू लागले की तो द्रव मागे रेंगाळतो आणि वळण्याची जाणीव होते. पण वळणे एकाच गतीने काही काळ चालू राहिले, की द्रवही त्या गतीला लागतो व जाणीव लोपते. मग वळणे थांबविले, की उलट दिशेने वळत असल्याचा भास होतो. जमिनीवर डोळे ही चूक तत्काळ दुरुस्त करतात. ढगांत डोळ्यांपुढे क्षितिजच नसते. विमान हळूहळू एका बाजूस कलते, ते वैमानिकाला उमगत नाही. उमगल्यावर त्याने ते सरळ केले, तर आता आपण दुसऱ्या बाजूस कललो असे त्याचे शरीर त्याला शपथेवर सांगते. तो पुन्हा पहिल्या बाजूस कलतो, आणि विमान मोठमोठी वर्तुळे घेत खाली येते. आपण अगदी सरळ जात आहोत, अशीच त्याची खात्री असते.

१९२६ साली सॅन फ्रान्सिस्को येथे विल्यम ऑकर या लष्करी वैमानिकाची प्रकृती तपासताना एका डॉक्टराने त्याला गरगर फिरणाऱ्या खुर्चीत डोळे मिटून बसविले आणि आपण कोणीकडे फिरत आहो ते सांगावयास सांगितले. ऑकर अनुभवी होता, तरी त्याची उत्तरे चुकली. तेव्हा त्याने एका पेटीत वळण दाखविणारे उपकरण बसविले, ती पेटी डोळ्यांपुढे धरली व पुन्हा खुर्चीत बसला. या वेळी उत्तरे बरोबर आली. शरीर जे सांगत होते ते खोटे होते आणि काटा जे दाखवीत होता ते खरे होते. एवढी साधी गोष्ट पटवून देण्यात ऑकरची पुढली कित्येक वर्षे गेली. कारण ज्याला उड्डाणाचा ‘हात’ आहे असा वैमानिक आपल्या बैठकीवरूनच विमानाचा कल ओळखतो, ही समजूत त्या काळी वैमानिकांच्या अभिमानाचा विषय होती.

उपकरणे मात्र तयार होत होती. मुलांचा भोवरा वेगाने फिरत असताना आपला आस सोडत नाही. त्याच तत्त्वावर स्पेरी यांच्या कारखान्यात कृत्रिम क्षितिज दाखविणारी तबकडी सिद्ध झाली. २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळील मिचेल फील्ड येथे जेम्स डूलिटल या लेफ्टनंटने आपल्या बैठकीवर टप ओढून घेतला आणि बाहेरचे काहीही न पाहता विमान उचलले, फिरवून आणले आणि खाली उतरविले. पुढच्या बैठकीत सावधगिरी म्हणून दुसरा वैमानिक होता, पण त्याला कशालाच हात लावावा लागला नाही. सारे उड्डाण सुमारे पंधरा मिनिटांचे. यानंतर धुक्यात उतरता येते की नाही, हा वाद राहिला नाही. राहिला तो शिकविण्याचा प्रश्न. डूलिटलसारखे असामान्य वैमानिक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. टपाल न्यावयाचे असते सामान्य वैमानिकांना.

येथे लिंक कुटुंबाचा कारखाना कथेत येतो. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन गावी एडविनच्या वडिलांचा हा कारखाना होता. चित्रपटगृहांतील ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो तेथे तयार होत. एडविनने १९२० साली, सोळा वर्षांचा असताना, पन्नास डॉलर मोजून उड्डाणाचा पहिला धडा घेतला. शिक्षकाने त्याला आकाशात भरपूर कोलांट्या दाखविल्या, पण दांड्याला हात काही लावू दिला नाही. पैसे गेले आणि विद्या आली नाही. शिकणाऱ्याला चुका करण्याची मोकळीक मिळाली पाहिजे आणि त्या चुकांत कोणी मरता कामा नये, हा विचार त्याच्या मनात तेव्हापासून घोळू लागला असावा. कारखान्याच्या तळघरात १९२७ ते १९२९ या काळात त्याने आखूड पंखांचे, लाकडी, खेळण्यासारखे दिसणारे एक विमान बनविले. ते जमिनीवरच्या एका बैठकीवर उभे होते.

ज्यांनी आपल्याकडे चर्चमध्ये किंवा संगीत नाटकात पायपेटीची साथ ऐकली आहे, त्यांना भात्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. लिंकने विमान हलविण्यासाठी हेच भाते वापरले. विजेच्या पंपाने भात्यांतील हवा ओढून घेतली जाई. विद्यार्थ्याने दांडा डावीकडे कलविला की झडप उघडून एका बाजूचा भाता मिटे, दुसऱ्या बाजूचा फुगे आणि विमान डावीकडे कले. त्याला गोल फिरविणारे यंत्रही लहान लहान भात्यांचेच होते. आपोआप वाजणाऱ्या पियानोतील युक्ती तेथे कामास आली. परंतु हे यंत्र पाहून वैमानिकांच्या शाळा हसल्या. सुरुवातीची बरीचशी यंत्रे जत्रेतल्या पाळण्यांप्रमाणे करमणुकीच्या बागांत गेली. तेथे नाणे टाकून मुले त्यांत बसत. टपालाच्या वैमानिकांचे प्राण वाचवू शकणारी वस्तू मुलांच्या करमणुकीला लागावी आणि लष्कराने तिकडे ढुंकूनही पाहू नये, हे आज विचित्र वाटते. त्या वेळी कोणाला तसे वाटले नाही.

पुढे लिंकने त्यात उपकरणांच्या तबकड्या बसविल्या, आणि खेळण्याचे गुरुकुल झाले. विद्यार्थी आत बसला की वरून टप बंद होई. आत अंधार, समोर प्रकाशित काटे, कानांवर श्रवणयंत्र. बाहेर टेबलाशी शिक्षक बसे. त्याच्यापुढे नकाशा पसरलेला असे आणि त्या नकाशावर तीन चाकांचे एक चिमुकले यंत्र विद्यार्थ्याच्या प्रत्येक वळणाबरोबर सरकत शाईची रेघ ओढीत जाई. वैमानिकांनी त्याला खेकडा असे नाव दिले होते. विमानतळाकडे नेणारी वाट त्या काळी कानांनी शोधावी लागे. जमिनीवरील रेडिओ केंद्रातून वाटेच्या एका अंगाला ठिपका-रेघ, ठिपका-रेघ असा नाद ऐकू येई, तर दुसऱ्या अंगाला रेघ-ठिपका, रेघ-ठिपका. विमान नेमके वाटेवर असले, की दोन्ही नाद एकमेकांत मिसळून एकच अखंड सूर लागे. केंद्राच्या जवळ जावे तसा सूर वाढत जाई, आणि बरोबर डोक्यावर आले की क्षणभर सारे शांत होई. ती शांतता म्हणजेच खूण. तेथून घड्याळ लावावयाचे, ठरलेल्या दिशेला ठरलेल्या वेगाने इतकी मिनिटे जावयाचे, वळावयाचे, ठरलेल्या उंचीपर्यंतच उतरावयाचे. आणि तेवढ्यात जमीन दिसली नाही तर मोह न धरता पुन्हा वर जावयाचे. शेवटची गोष्ट शिकविणे सर्वांत कठीण. आणखी थोडे खाली गेले तर दिसेल, असे प्रत्येकाला वाटते.

शिक्षकाजवळ या नादांचे नियंत्रण असे. तो मधूनच वारा बदली, हादरे देई. धडा संपला की टप उघडे आणि घामाने भिजलेला विद्यार्थी बाहेर येऊन नकाशावरची रेघ पाही. कित्येकदा ती रेघ विमानतळाऐवजी शेजारच्या डोंगरातून आरपार गेलेली असे. त्या डोंगरावर तो दिवसातून तीन वेळा आदळला, तरी संध्याकाळी घरी जेवावयास जाऊ शकत होता.

न्यूअर्कच्या त्या भेटीनंतर जून १९३४ मध्ये हवाई दलाने प्रत्येकी ३,५०० डॉलर दराने सहा यंत्रे विकत घेतली. नंतर जपानच्या नौदलानेही ती घेतली, ब्रिटनने घेतली, आणि दुसऱ्या महायुद्धात परस्परांविरुद्ध उडणाऱ्या वैमानिकांतील कित्येक जण एकाच कारखान्याच्या भात्यांवर शिकलेले होते. युद्ध संपेपर्यंत सुमारे दहा हजार यंत्रे तयार झाली आणि पाच लाखांहून अधिक विमानसैनिकांनी त्यांत धडे घेतले. युद्धानंतर भात्यांची जागा विद्युत्-यंत्रांनी व मग संगणकांनी घेतली, आणि १९८० च्या सुमारास तर घरगुती संगणकाच्या पडद्यावरही हा सराव करता येऊ लागला.

‘काट्यावर विश्वास ठेव’ हा लिंकच्या पेटीतला पहिला धडा. तो जन्मभर पुरत नाही, हे मुंबईकरांना फार मोठी किंमत देऊन कळले. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे बोइंग ७४७ विमान सांताक्रूझहून दुबईकडे निघाले. पुढे काळोखा अरबी समुद्र होता. क्षितिज दिसत नव्हते. विमानाने उजवीकडे वळण घेतले आणि पुन्हा सरळ झाले. मात्र मुख्य वैमानिकापुढील कृत्रिम क्षितिज तसेच उजवीकडे कललेले राहिले, असे तपासात निष्पन्न झाले. वैमानिक विमान डावीकडे झुकवीत गेला. दुसऱ्या उपकरणांशी ताळा जुळविण्यास वेळ पुरला नाही, आणि उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत, मोत माउलीच्या टेकडीवरून दिसणाऱ्या समुद्रात, बांद्र्याच्या किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर विमान कोसळले. २१३ माणसे होती; एकही वाचले नाही. आजच्या सिम्युलेटरमध्ये शिक्षक एक कळ दाबून नेमका असाच एखादा काटा खोटा पाडतो, आणि तीन तबकड्यांपैकी कोणती खोटी आहे हे विद्यार्थ्याने काही क्षणांत ओळखावे लागते.

आणि एक विमानतळ असा होता, की जेथे काट्यांनी अर्ध्या वाटेवर हात सोडून द्यावयाचा, हे ठरलेलेच होते. हाँगकाँगच्या काई टाक येथील धावपट्टी समुद्रात भराव घालून काढलेली होती, आणि एका बाजूने तिच्यापुढे डोंगर होते. त्यामुळे १९७४ पासून जी उपकरणांची वाट तेथे वापरात आली, ती धावपट्टीकडे जातच नसे. ती एका टेकडीकडे जाई. त्या टेकडीवर बुद्धिबळाच्या पटासारखे भगवे-पांढरे चौकोन रंगविलेले होते. ढगांतून बाहेर पडल्यावर तो पट दिसला, की वैमानिकाने उपकरणांचा मार्ग सोडून कौलूनच्या गच्च्यांवरून, तेथे वाळत घातलेल्या कपड्यांच्या वरून, उजवीकडे ४७ अंशांचे वळण घ्यावयाचे आणि वळण पुरते संपते न संपते तोच धावपट्टी पायांखाली आणावयाची. पट दिसला नाही, तर वर निघून जावयाचे. सिम्युलेटरमध्ये हे वळण पुनःपुन्हा गिरविल्यानंतरच कित्येक वैमानिक पहिल्यांदा ते खरोखर घेत. तेथेही किती तरी विमाने त्या पटावर आदळली असतील. खऱ्या पटावर एकही प्रवासी विमान आदळले नाही.

६ जुलै १९९८ रोजी काई टाक विमानतळ बंद झाला. त्याच्या धावपट्टीवर आता विमाने उतरत नाहीत. परंतु संगणकावरील उड्डाणाच्या कार्यक्रमांत ती धावपट्टी, ती टेकडी आणि तो रंगीत पट हौशी मंडळींनी जपून ठेवला आहे. जे वैमानिक ती बंद झाल्यानंतर जन्मले, तेही रात्री घरी बसून ते ४७ अंशांचे वळण शिकतात.