पांढरी चादर आणि अंबरनाथचा गुन्हा
उल्हासनगरचे कॅम्प ४ आणि ५ मागे टाकले की अंबरनाथ. फाळणीनंतर लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासित आले, ही इकडची गोष्ट घरोघरी सांगितली जाते. शेजारच्या कंजारभाट समाजाबद्दल मात्र २०१९ पर्यंत फारसं कुणी विचारलं नव्हतं.

इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने या समाजावर शिक्का मारला. १९५२ मध्ये कायदा गेला, पोलिसांची धास्ती राहिली. त्यामुळे तंटा असो की काडीमोड, सगळं जातपंचायतीपुढे. नवरीची कौमार्य परीक्षाही पंचायतीच्याच हाती. लग्नाच्या रात्री पांढरी चादर अंथरायची, खोलीबाहेर नातलग थांबायचे आणि मग नवरदेवाला भर बैठकीत सवाल: माल खरा की खोटा? 'खोटा' म्हटलं की मुलीला मार, घरच्यांना दंड. नवऱ्याची परीक्षा अर्थातच नव्हती.

२०१७ मध्ये समाजातल्याच तरुणांनी 'स्टॉप द व्ही रिच्युअल' हा व्हॉट्सॲप गट काढला. पुढाकार टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकणाऱ्या विवेक तमायचीकर यांचा. जानेवारी २०१८ मध्ये पिंपरीतल्या एका लग्नात गटातल्या तरुणांना मारहाण झाली. मे २०१९ मध्ये अंबरनाथला तमायचीकरांची आजी वारली, तेव्हा समाजातलं कुणी अंत्ययात्रेला फिरकलं नाही. पंचांनीच तसं बजावलं होतं, अशी तक्रार झाली.

पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या जातपंचायतविरोधी मोहिमेने लावून धरलेला हा कायदा विधिमंडळाने २०१६ मध्ये संमत केला आणि जुलै २०१७ मध्ये तो लागू झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. परीक्षेची फिर्याद द्यायची तर नव्या नवरीला सासर-माहेर दोन्हींशी वैर घ्यावं लागतं. बहिष्कार चारचौघांत घडतो, त्याची तक्रार घरातलं कुणीही करू शकतं. कायद्याला वाट मिळाली ती इथून. कौमार्य चाचणी लैंगिक अत्याचार मानण्याची घोषणा गृहराज्यमंत्री रणजित पाटील यांनी फेब्रुवारी २०१९ मध्येच केली होती, तरी गुन्हा नोंदला गेला तो बहिष्काराचा.

थेट चाचणीलाच कायद्याने हात घातल्याचं उदाहरण बाहेर आहे. झुलू समाजात मुलींच्या कौमार्य तपासणीची प्रथा असलेल्या दक्षिण आफ्रिकेने २००५ च्या बालक कायद्यात १६ वर्षांखालील मुलींच्या तपासणीवर बंदी घातली. त्यापुढे मुलीची संमती सक्तीची केली. अर्धवट तोडगा, पण रेघ तरी ओढली.

आपल्याकडे चादर फक्त वस्तीतच होती असंही नाही. 'कौमार्याची लक्षणं' एमबीबीएसच्या न्यायवैद्यकशास्त्रात शिकवली जात. त्यांना शास्त्रीय आधार नाही, हे सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी अहवालातून मांडलं. पंच निदान पुस्तकाचा हवाला तरी देत नव्हते! महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये तो भाग अभ्यासक्रमातून वगळला.