मोबाइलवरचं गाणं व्हॉल्व्हच्या ॲम्प्लीतून ‘गोड’ का वाटतं?

यवतमाळ, पुसद, वणीकडच्या जुन्या घरांत माळ्यावर एखादा व्हॉल्व्हचा रेडिओ अजूनही सापडतो. बटण फिरवलं की लगेच आवाज यायचा नाही. आधी आतल्या काचेच्या नळ्या तापायच्या, मग हळूहळू नागपूर केंद्र बोलू लागायचं. हे केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झालं. त्या काळच्या घराघरांत पोचलेल्या मर्फी रेडिओचा कारखाना ठाण्यात होता.

आता याच नळ्या ‘ट्यूब ॲम्प्लिफायर’ या नावाने परत आल्या आहेत. डिजिटल गाण्याचा ‘कोरडेपणा’ त्या घालवतात, असं सांगितलं जातं. कुणी आजोबांच्या रेडिओलाच मोबाइल जोडून रील टाकतं. यात खरं किती? आणि धोका कुठे आहे?

व्हॉल्व्ह काम कसा करतो?

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून टाकलेली काचेची नळी. आतला एक भाग तापला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि समोरच्या पट्टीकडे धावतात. त्या पट्टीवर साधारण २०० ते ४०० व्होल्टचा दाब असतो. दोघांच्या मध्ये एक जाळी असते. पाटाच्या पाण्यावरचं दार जरासं हलवलं तरी पाणी खूप कमी-जास्त होतं, तसंच इथे होतं. जाळीवर गाण्याचा क्षीण विद्युत संदेश येतो आणि मोठा प्रवाह त्याच्या तालावर बदलतो.

जॉन ॲम्ब्रोस फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये दोन टोकांचा व्हॉल्व्ह केला. पुढे ली डी फॉरेस्ट यांनी त्यात जाळी घातली. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये ट्रान्झिस्टर तयार झाला आणि पुढच्या काही दशकांत त्याने घरातल्या रेडिओतून व्हॉल्व्हला बाहेर काढलं.

डिजिटल गाण्यात काही कमी असतं का?

१९८२ मध्ये सीडी बाजारात आली. तिच्यात आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजला जातो आणि प्रत्येक मोजमाप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवलं जातं. म्हणून अनेकांना वाटतं की डिजिटल आवाज जिन्यासारखा तुटक असतो आणि व्हॉल्व्ह तो गुळगुळीत करतो.

हा गैरसमज आहे. मोबाइलमधली किंवा डॅकमधली चिप आकड्यांचं रूपांतर पुन्हा सलग लाटेत करते. ॲम्प्लीपर्यंत जिना पोचतच नाही. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात आणि सीडीच्या मोजमापात ते सगळे बसतात.

फाइल लहान करताना काढून टाकलेला तपशील मात्र खरंच गेलेला असतो. तो कुठलाही व्हॉल्व्ह परत आणू शकत नाही.

मग आवाज बदलतो तो कशामुळे?

आवाज बदलतो हे खरं आहे. त्यामागे मुख्यतः तीन कारणं आहेत.

पहिलं कारण उपस्वर. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेत जाणकारांना गंधार ऐकू येतो. तो कुणी वाजवलेला नसतो, तारेच्या उपस्वरांतून उमटतो. मिरजेचे कारागीर घोडीची जवारी काढतात ती हे उपस्वर खुलावेत म्हणून. व्हॉल्व्हचा ॲम्प्लीही मूळ आवाजात स्वतःचे थोडे उपस्वर मिसळतो. समजा, २४० हर्ट्झचा सा आत गेला. बाहेर येताना त्याच्यासोबत ४८० हर्ट्झचा, म्हणजे तार सप्तकातला सा, अगदी बारीक आवाजात येतो. हा दुसरा उपस्वर मूळ सुराशी जुळणारा असल्यामुळे कानाला खटकत नाही. सूर भरलेला वाटतो. तांत्रिक भाषेत मात्र ही विकृतीच आहे. चांगल्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लीत ती नगण्य असते.

दुसरं कारण मोठा आवाज. मर्यादा ओलांडली की ट्रान्झिस्टरचा ॲम्प्ली लाटेचा माथा एकदम कापतो आणि आवाज फाटतो. व्हॉल्व्ह तो माथा हळूहळू दाबत नेतो.

तिसरं कारण स्पीकर. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लीची स्पीकरवरची पकड सहसा सैल असते. त्यामुळे काही स्पीकरवर बास थोडा फुगतो. तोच ॲम्प्ली दुसऱ्या स्पीकरवर वेगळा वाटतो तो याचमुळे.

म्हणजे व्हॉल्व्ह गाण्यातलं हरवलेलं काही परत देत नाही. तो स्वतःचं काहीतरी घालतो. ते आवडणं ही चूक नाही, पण त्याला ‘मूळ आवाज’ म्हणता येणार नाही.

जुन्या रेडिओचा गोडवाही फक्त व्हॉल्व्हमुळे नव्हता. लाकडी पेटी, एकच स्पीकर आणि वरचे तीक्ष्ण आवाज फारसे न पोचवणारं मीडियम वेव्ह प्रसारण या सगळ्यांचा त्यात वाटा होता.

आजोबांच्या रेडिओला मोबाइल जोडावा का?

तपासल्याशिवाय अजिबात नको. बऱ्याच जुन्या रेडिओंच्या मागे ग्रामोफोन जोडण्यासाठी भोकं असतात. रीलमध्ये वायर तिथेच खोचलेली दिसते. पण एसी आणि डीसी अशा दोन्ही विजेवर चालणाऱ्या काही सेटमध्ये मुख्य ट्रान्सफॉर्मरच नसतो. आतला लोखंडी सांगाडा थेट घरातल्या विजेच्या एका वायरला जोडलेला असतो. दोन पिनांचा प्लग उलटा बसला, तर त्या सांगाड्यात आणि तुमच्या मोबाइलच्या वायरमध्ये २३० व्होल्ट येऊ शकतात. हा झटका जीव घेऊ शकतो.

ट्रान्सफॉर्मर असलेला सेटही थेट लावू नका. वर्षानुवर्षं बंद राहिलेले कपॅसिटर खराब होतात, सेट जळू शकतो. शिवाय प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही वेळ वीज साठून राहते. व्हॉल्व्हचं काम येणाऱ्या जुन्या मेकॅनिककडून तो आधी उघडून, तपासून घ्या.

नवा घेताना काय बघाल?

काही हजार रुपयांना मिळणाऱ्या छोट्या डब्यांत बहुतेकदा नळी फक्त सुरुवातीला असते. स्पीकर चालवण्याचं काम चिपच करते. नळीखाली नारिंगी एलईडी लावलेला असतो. ती चमक नळी तापल्याची नसते. असा डबा घेणं गैर नाही, पण पूर्ण व्हॉल्व्ह ॲम्प्लीचे पैसे त्याला देऊ नका.

पूर्ण व्हॉल्व्ह ॲम्प्लीत नळ्यांसोबत वजनदार ट्रान्सफॉर्मर असतो. तो जितका आवाज देतो, त्याच्या कितीतरी पट वीज खातो आणि उरलेली उष्णतेत जाते. मे महिन्यातल्या यवतमाळात बंद खोलीत हे लगेच जाणवेल. नळ्या झिजतात, बदलाव्या लागतात. व्होल्टेज सतत वर-खाली होत असेल तर स्टॅबिलायझर लावा.

घेण्याआधी एक चाचणी करा. दोन्ही ॲम्प्लींना तोच स्पीकर, तेच गाणं आणि अगदी सारखा आवाज ठेवा. जरा मोठा आवाज कानाला नेहमीच ‘चांगला’ वाटतो. डोळे मिटा आणि मित्राला न सांगता ॲम्प्ली बदलायला लावा. आठ-दहा वेळा करून बघा. फरक ओळखता आला आणि आवडला, तर खुशाल घ्या. ओळखता आला नाही, तर तेच पैसे चांगल्या स्पीकरवर घाला. तिथला फरक सहसा पहिल्याच गाण्यात कळतो.