भाकरी आणि फड

लढाया, तह आणि सनदा यांनी इतिहासाची पाने भरतात. पण रयत काय खात होती आणि ते खाणे तिच्या नदीला व जमिनीला झेपत होते की नाही, हा प्रश्न बाजूस राहतो. आम्हांस तो खानदेशापुरता विचारावयाचा आहे. कारण पिशवी घेऊन बाजारात जाणारा शहरवासी आपल्या खरेदीने शेतातले पीक ठरवीत असतो, हे त्याच्या ध्यानात क्वचितच येते.

प्रथम धुळे जिल्ह्यातील पांझरेकाठची फडपद्धत पाहू. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे बहुधा चार फड, अशी ही रचना. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे; ऊस कोठे व हंगामी धान्य कोठे, हे मिळून ठरवावयाचे आणि ती पाळी फिरती ठेवावयाची. पाणी देणे पाटकऱ्याकडे, राखण जागल्याकडे. नदीला पाणी कमी असेल तर भिजणारे फड कमी होत आणि झळ सर्वांस सारखी लागे. ऊस कोणासही मर्जीप्रमाणे लावता येत नसे. म्हणजे हाव पाण्याच्या मापाने आवरलेली होती. पुढे नदीच्या वरच्या अंगास धरणे झाली, विहिरींवर पंप बसले, आणि पुष्कळ फड मोडले. थोडे मात्र तग धरून राहिले.

पाटाबाहेरच्या कोरडवाहू जमिनीत ज्वारी, बाजरी, तूर, उडीद. ज्वारीत उडीद मिसळून दळलेल्या कळण्याची भाकरी ही त्या जमिनीचीच शिकवण होय. ज्वारी पावसावर येते व गुरांना कडबा देते. उडदाच्या मुळांवरील गाठींतून हवेतला नत्र जमिनीस मिळतो. भरताचेही तसेच. बामणोदसारख्या गावची वांगी हिवाळ्यात यावयाची आणि ती कपाशीच्या वा तुरीच्या वाळक्या काड्यांवर भाजावयाची, जळणही शेतातलेच.

ही घडी विसकटली ती हळूहळू. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापसाचे भाव चढले आणि खानदेशची काळी जमीन विलायतेतील गिरण्यांच्या मागणीशी बांधली गेली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो आली. ज्वारीच्या मुलखाने परदेशची ज्वारी रांगेत उभे राहून घेतली. पुढे स्वस्त धान्य म्हणजे गहू-तांदूळ असेच समीकरण होऊन बसले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य किलोस एक रुपया दराने देण्याची तरतूद होती. परंतु कायद्यातले धान्य पिशवीत पडतेच असे नाही.

तिकडे यावल-रावेरच्या पट्ट्यात केळी बहरली. जळगावच्या केळीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा अभिमान आम्हांसही आहे. ठिबकने पाण्याची नासाडी थांबते हे खरे. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी बाग वाढविली, तर विहिरीस त्याचा काय लाभ? यंत्राने काटकसर साधते, मर्यादा साधत नाही. ती फडासारखी माणसांनीच घालावी लागते.

तेव्हा केळी टाका, गहू वर्ज्य करा, असा उपदेश आम्ही करीत नाही. फुकटच्या गव्हावर ज्यांची चूल पेटते, त्यांस ज्वारी विकत घ्या म्हणणे निर्दयपणाचे ठरेल. भाकरी थापण्याचे कष्ट घरातील एकाच बाईवर टाकून पर्यावरणाचे पुण्य जोडणेही न्यायाचे नाही. परंतु ज्यांस निवड करण्याची ऐपत आहे, त्यांनी ती डोळसपणे करावी. आठवड्यातून काही दिवस ज्वारी-बाजरी, हंगामातली भाजी, ताटात डाळीस मानाची जागा आणि उष्टे न टाकण्याची जुनी शिस्त, एवढे तरी साधेल. रेशनवर ज्वारी मागण्याचे काम मात्र एकट्याचे नव्हे. ते गावाने मिळून करावयाचे आहे.

फडाचा नियम हाच होता: पाणी किती आहे ते आधी पाहावे, मग पीक ठरवावे. शहरातल्या ताटासही तो लागू पडतो.