पदार्थविज्ञानाचा आरंभ
जड वस्तू हलकीपेक्षा वेगाने पडते, हे ॲरिस्टॉटलचे मत. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने प्रत्यक्ष अनुभवाच्या आधारे ते खोडून काढले, तरी ते शतकानुशतके टिकले. पुढे गॅलिलिओने प्रश्नच बदलला. वस्तू का पडते, हे बाजूस ठेवून ती कशी पडते, हे त्याने विचारले. तुळईच्या उतरत्या खाचेतून गोळा सोडून, तेवढ्या अवधीत भांड्यातून गळालेले पाणी तोलून त्याने काळ मोजला. दुप्पट काळात चौपट अंतर, हा नियम १६३८ साली लायडन येथे प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात आहे. आम्ही वर्गात हे सूत्र देतो. पण त्यामागील प्रश्न आणि तो तराजू दिल्यावाचून पदार्थविज्ञान शिकविले, असे आम्हांस म्हणता येणार नाही.