२६ जुलै : एक तारीख, दोन हुकूम
कोल्हापूर संस्थानच्या गॅझेटात २६ जुलै १९०२ रोजी हुकूम छापला गेला : यापुढे संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतून भरायच्या. शाहू महाराज तेव्हा विलायतेत, सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी गेलेले. इकडे काहींची झोप उडाली असणार! आदल्याच वर्षी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं होतं. जागा राखायच्या तर शिकलेली पोरंही हवीत, हा हिशेब. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात महाराजांनी सगळ्यांदेखत घेतलेला चहा ही पुढची गोष्ट.

याच तारखेला, १९४८ साली, अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातला वर्णभेद संपवणारा आदेश काढला. कृष्णवर्णीयांची शेवटची वेगळी पलटण मोडायला मात्र १९५४ उजाडलं.