हमीदाची लेक, डेन्मार्कची खेळाडू

आज आम्ही फुटबॉलची गोष्ट सांगणार म्हटल्यावर काही जणी रेडिओ बारीक करून भाकरीकडे वळतील. थोडं थांबा. या गोष्टीत फुटबॉल आहे, पण ती सुरू होते एका विधवा बाईपासून आणि तिच्या पाच मुलींपासून.

बाईचं नाव हमीदा. अफगाणिस्तानातली, शिकलेली, शाळेची मुख्याध्यापिका. नवरा रबानी नदीम सैन्यात जनरल होता. त्यांची एक मुलगी नादिया, जन्म २ जानेवारी १९८८, हेरात शहरातला. वडिलांना खेळाची हौस. ते घरी बॉल आणायचे आणि भिंतीआडच्या अंगणात मुलींना खेळवायचे. भिंतीआड, कारण १९९६ साली काबूल तालिबानच्या ताब्यात गेलं आणि मुलींच्या शाळा बंद झाल्या. बायकांची नोकरी गेली. घरचा पुरुष बरोबर असल्याशिवाय रस्त्यावर यायचीही बंदी आली.

२००० साली तालिबानने रबानीला बोलावून नेलं. तो परत आला नाही. त्याला ठार मारल्याचं घरी कळलं तेसुद्धा काही महिन्यांनी.

आता हमीदाची अवस्था बघा. कमवायची परवानगी नाही, एकटीनं बाहेर पडायची परवानगी नाही, आणि घरात पाच मुली. आपल्याकडेही नवरा गेल्यावर बाईला चार सल्ले मिळतात, की आता गप बस, दिराच्या आधाराने राहा. हमीदाने होतं नव्हतं ते विकलं आणि माणसं चोरून सीमेपार नेणाऱ्यांच्या हातात पैसे ठेवले. आधी पाकिस्तान. तिथून खोट्या पासपोर्टवर विमानाने इटली. मग मायलेकी एका ट्रकमध्ये बसल्या. ट्रक लंडनला जाणार असं त्यांना वाटत होतं. उतरवलं तिथे चौकशी केली, तर तो देश निघाला डेन्मार्क. ना भाषा माहीत, ना नातेवाईक. चुकून मिळालेला देश म्हणा ना!

सरकारने त्यांना निर्वासितांच्या छावणीत ठेवलं. छावणीला लागूनच फुटबॉलचं मैदान होतं. कुंपणातून नादियाने पाहिलं, तिच्याच वयाच्या मुली चड्डी-बनियन घालून उघड्यावर बॉल मारतायत आणि कोणी ओरडत नाहीये. पहिल्यांदा ती नुसती बघत राहिली. मग धीर करून प्रशिक्षकाला विचारलं, मी खेळू का? प्रशिक्षकाने हो म्हटलं. पुढे आल्बोर्ग, व्हिबोर्ग अशा गावांच्या क्लबांतून ती गोल करत वर चढत गेली.

आता खरी अडचण सांगतो. खेळ चांगला होता, पण कागद नव्हता. रेशनकार्डावर नाव चढवायला खेटे घातलेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको. नादियाने १८ वर्षं पूर्ण झाल्यावर नागरिकत्वासाठी अर्ज केला आणि ते मिळालं २००८ साली. वाटलं, आता देशाकडून खेळता येईल. तर फुटबॉलच्या जागतिक संघटनेचा, फिफाचा, नियम आडवा आला. तेव्हाचा नियम असा होता: ज्याचा स्वतःचा, आईबापाचा किंवा आजीआजोबांचा जन्म त्या देशातला नाही, त्याने वयाच्या अठराव्या वर्षानंतर सलग पाच वर्षं तिथे राहिलेलं असायला हवं होतं. म्हणजे नादिया तेवीस वर्षांची होईपर्यंत थांबणार!

नियम उगाच केलेला नव्हता, हेही सांगायला हवं. २००४ च्या सुमारास कतारसारखा श्रीमंत देश ब्राझीलच्या खेळाडूंना पैसे देऊन आपलं नागरिकत्व देऊ पाहत होता. अशी खरेदी थांबावी म्हणून फिफाने अटी घातल्या आणि पुढे त्या कडक केल्या. पण जाळं टाकलं मोठ्या माशांसाठी आणि अडकली जीव वाचवून आलेली पोर. तिला कोणी विकत घेतलं नव्हतं. डेन्मार्कच्या फुटबॉल संघटनेच्या वकिलांनी हेच भांडून मांडलं आणि फिफाने तिच्यासाठी अपवाद केला. २००९ साली पोर्तुगालमधल्या आल्गार्व्ह स्पर्धेत ती अमेरिकेविरुद्ध डेन्मार्कच्या लाल जर्सीत उतरली. सामना डेन्मार्क हरलं. पण परदेशात जन्मून, नागरिकत्व घेऊन डेन्मार्कच्या मुख्य संघात खेळणारी ती पहिलीच. पुरुषांच्या संघातसुद्धा तोवर असं कोणी नव्हतं.

तिथून पुढे शंभराहून जास्त सामने. सगळे सांगत बसत नाही. २०१७ ची युरोपची स्पर्धा मात्र सांगायलाच हवी. जर्मनीच्या बायकांनी ती लागोपाठ सहा वेळा जिंकलेली होती. डेन्मार्कने त्यांना २-१ ने घरी पाठवलं, आणि बरोबरीचा गोल नादियाने डोक्याने मारला. ६ ऑगस्टला अंतिम सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध पहिला गोलही तिचाच. शेवटी ४-२ ने हरल्या.

उपविजेत्या होऊन परतल्या, आणि दोन महिन्यांत याच बायकांनी खेळायला नकार दिला. मोबदला आणि कराराच्या अटी यांवरून संघटनेशी वाद होता. स्वीडनविरुद्धचा विश्वचषक पात्रतेचा सामना त्यामुळे झालाच नाही. तो ३-० ने स्वीडनला बहाल झाला. नंतर समझोता झाला, पण २०१९ च्या विश्वचषकात डेन्मार्क नव्हतं. बचतगटात आपण मजुरीचा हिशोब मागतो तेव्हा लोक म्हणतात, मिळतंय ते घ्या. त्यांनाही तेच ऐकावं लागलं असेल.

क्लबसाठी ती अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, फ्रान्समध्ये खेळली. पॅरिसच्या संघाने २०२१ साली लीग जिंकली तेव्हा लिऑनची सलग चौदा विजेतेपदांची साखळी तुटली. हे चालू असताना ती ऑर्हूस विद्यापीठात डॉक्टरकीचं शिकत होती. सामना खेळायचा आणि अभ्यासाला बसायचं, असं वर्षानुवर्षं. जानेवारी २०२२ मध्ये ती डॉक्टर झाली. दुखापत झालेल्या, बिघडलेल्या शरीराची नव्याने बांधणी करणारी शस्त्रक्रिया शिकायची तिची इच्छा.

तिचं सगळंच आम्हाला पटतं असं नाही. २०२२ च्या कतार विश्वचषकाची ती राजदूत झाली. तिथल्या परदेशी मजुरांचे हाल जगजाहीर होते, आणि त्या मजुरांत आपल्या देशातलेही कितीतरी. डेन्मार्कमध्येही तिच्यावर टीका झाली. सीमा ओलांडून आलेल्या बाईने दुसऱ्या सीमा ओलांडणाऱ्यांकडे अधिक बघायला हवं होतं, असं आमच्यातल्या बऱ्याच जणींना वाटलं.

त्याच विश्वचषकात, २२ नोव्हेंबरला, डेन्मार्कचा सामना होता. नादिया इंग्लंडच्या टीव्हीवर त्या सामन्याबद्दल बोलायला बसली होती. मध्येच फोन आला आणि ती उठून गेली. डेन्मार्कमध्ये व्यायामशाळेतून घरी परतताना हमीदाला ट्रकने धडक दिली होती. ती जागीच गेली. वय ५७.

म्हणजे २००० साली पाच मुली घेऊन निघाली तेव्हा हमीदा पस्तिशीची होती.