दिवा दिसला, पण कळला का?

पावसाळी बंदी चालू आहे, होड्या वर ओढलेल्या आहेत, त्यामुळे थोडं लांबलचक लिहितो. एका तांडेलाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. ऑनलाइन मिळणारा, पाण्यावर तरंगणारा एलईडी दिवा, त्यावर ‘एसओएस’ छापलेलं. खाली प्रश्न : “दादा, हा घेतला तर दारूचे फ्लेअर नको ना?”

आपल्या भागात बोटीचा विषय निघाला की ‘रामदास’ आठवते. 17 जुलै 1947, गटारी अमावास्या. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काश्याच्या खडकाजवळ काही मिनिटांत कलंडली. सहाशेच्या वर माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता. मुंबईच्या तोंडाशी एवढी बोट बुडते आणि मुंबईला ते कळायला दुपार उलटते! जे वाचले त्यांतले बरेच जण रेवसकडून मासळी घेऊन निघालेल्या कोळी बांधवांच्या होड्यांनी वाचवले. त्या होड्या तिथे होत्या म्हणून त्यांना दिसलं. ज्यांना दिसलं नाही त्यांना सांगायची काही सोयच नव्हती.

ही सोय करण्याचा इतिहास मात्र जुना आहे, आणि त्याच्या सुरुवातीला एक विधवा बाई आहे. अमेरिकेत बेंजामिन कॉस्टन नावाचा संशोधक 1848 मध्ये वारला. त्याच्या कागदांत रात्रीच्या रंगीत खुणांची अर्धवट टिपणं होती. त्याच्या बायकोने, मार्था कॉस्टनने, पुढची दहाएक वर्षं ती कल्पना तडीस नेण्यात घालवली. लांबून ओळखू येतील असे तीन वेगळे रंग तिला हवे होते. पांढरा आणि लाल जमला, तिसरा काही जमेना. शेवटी निळ्याचा नाद सोडून हिरव्यावर काम भागलं. 1859 साली पेटंट मिळालं ते नवऱ्याच्या नावाने. स्वतःच्या नावाचं पेटंट तिला 1871 मध्ये मिळालं. यात मला महत्त्वाचं वाटतं ते असं की तिने नुसता प्रखर उजेड शोधला नाही. रंग आणि त्यांचा क्रम मिळून एक भाषा तयार केली. आपल्या खांदेरीचं दीपगृह 1867 चं. दीपगृहाचंही तेच असतं. प्रत्येकाची लुकलुक वेगळी, म्हणून नाखव्याला कळतं की ही खांदेरी, तो प्रॉन्ग्ज.

ही भाषा पक्की नसली की काय होतं ते 1912 च्या एप्रिलमध्ये दिसलं. टायटॅनिकने बुडताना पांढरे बाण सोडले, आठेक. जवळच्या ‘कॅलिफोर्नियन’ बोटीवरच्या लोकांनी ते पाहिले. कॅप्टन लॉर्डला झोपेतून सांगितलं, तर त्याने विचारलं की त्या कंपनीच्या खुणा आहेत का. तेव्हा जहाज कंपन्या रात्री एकमेकींना ओळख द्यायला स्वतःच्या रंगीत खुणा वापरत. संकटाचा बाण कुठल्याही रंगाचा चालेल, फक्त थोड्या थोड्या वेळाने एकेक सोडावा, असा त्यावेळचा नियम होता. म्हणजे टायटॅनिकचं चुकलं नव्हतं. वायरलेसवाला झोपला होता आणि पाहणाऱ्यांना उजेडाचा अर्थ लागला नाही.

आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांत लाल पॅराशूट फ्लेअर, हातातला लाल फ्लेअर, नारिंगी धूर हे ठरलेले संकेत आहेत. कुठल्याही साधनाने दिलेला ‘एसओएस’सुद्धा त्यात येतो : तीन आखूड, तीन लांब, तीन आखूड. (याचं लांबलचक इंग्रजी रूप सांगतात ते मागून चिकटवलेलं. अक्षरं निवडली ती लय ओळखायला सोपी म्हणून.) एलईडी दिव्याला मान्यता मिळते ती याच लयीमुळे.

आता त्या तांडेलाच्या प्रश्नाकडे येतो. मोठ्या जहाजांच्या नियमांप्रमाणे हातातला फ्लेअर 15,000 कँडेलाचा उजेड देतो, पण एकच मिनिट. पॅराशूटचा 300 मीटर वर जातो, 30,000 कँडेला, 40 सेकंद. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने विजेच्या दिव्यासाठी जो जुना नियम केला त्यात किमान 75 कँडेला पुरतात, पण दिवा सहा तास चालला पाहिजे. उजेडात जमीन-अस्मानाचा फरक, आणि वेळेतही. शिवाय उंचीचा प्रश्न आहे. होडीत उभ्या माणसाला क्षितिज पाचेक किलोमीटरवरच संपतं. हातातला दिवा त्यापलीकडे फारसा जात नाही, पॅराशूट फ्लेअर मात्र क्षितिजापलीकडूनही दिसतो. म्हणून माझं मत : दूरवर कुणाचं लक्ष वेधायला फ्लेअर, आणि शोधणारे निघाले की ‘इथे आहोत’ हे सांगत राहायला एलईडी. एकाच्या बदल्यात दुसरा नको. फ्लेअरची मुदत संपते, हात भाजतो, ओल लागते, हे सगळं खरं आहे. तरीही.

दिवा घ्यायचाच तर आधी तो आपोआप एसओएसची लय देतो का ते बघा. नुसता लुकलुकणारा असेल तर सोडा. आपल्या समुद्रात रात्री लुकलुकणाऱ्या वस्तू कमी आहेत का? जाळ्याच्या बोयांवर दिवे, आणि 2017 पासून बंदी असूनही एलईडी लावून मासेमारी करणाऱ्यांचा झगमगाट. त्यावरून पारंपरिक मच्छीमारांची भांडणं चालू आहेत ती वेगळीच. पांढऱ्या उजेडाच्या त्या गर्दीत आणखी एक पांढरा ठिपका कोण विचारात घेणार? हीच अडचण ओळखून अमेरिकेत नवा मापदंड आला, निळसर-हिरवा आणि लालसर-नारिंगी असे दोन रंग आळीपाळीने दाखवणारा. रंग बदलत राहिल्याने डोळा तिकडे वळतो. असा मिळाला तर उत्तम. सेल बाजारात सहज मिळणारे हवेत, आणि झाकणाची रबरी कडी खाऱ्या पाण्यात वर्षभर टिकेल अशी. दिवसा हा दिवा जवळजवळ निरुपयोगी. अमेरिकन नियमसुद्धा विजेचा दिवा फक्त रात्रीपुरता धरतात, दिवसासाठी काळा चौकोन आणि काळा गोल काढलेला नारिंगी झेंडा सांगतात. रामदास सकाळी बुडाली, हे विसरू नका.

आणि हे सगळं जवळ कुणी असेल तरच. लांबच्या पाण्यात जाणाऱ्यांसाठी इस्रोने बनवलेलं डॅट यंत्र आहे, उपग्रहावरून तटरक्षक दलाकडे निरोप जातो. पहिल्या पिढीच्या यंत्रात बटण दाबलं तरी निरोप पोचला की नाही ते होडीत कळत नसे. 2024 मध्ये आलेल्या सुधारित यंत्रात उलट पोच मिळते. ओखीच्या वेळी 2017 मध्ये केरळ-तमिळनाडूच्या बोटी भरकटत देवगडला लागल्या होत्या. त्या खलाशांना विचारलं असतं तर या पोचेची किंमत त्यांनी सांगितली असती.

केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेत होड्यांच्या सुरक्षा संचासाठी मदतीची तरतूद आहे. त्या संचात कोणता दिवा देणार, त्याची लय कोणती, किती तास चालणार, सोबत फ्लेअर आहेत का आणि त्यांची मुदत कधीची, हे सोसायटीच्या पुढच्या सभेत लेखी विचारा. उत्तर आलं की मला पाठवा, इथेच छापतो. तटरक्षक दलाचा नंबर 1554, केबिनमध्ये रंगाने लिहून ठेवा.